बरणीवर लिहिलंय, गहू नाही

॥ श्री ॥
बाभई, बोरिवली (प.)
९ जानेवारी २०२५

चि. नीला, बोरिवलीहून तुला पोटभर आशीर्वाद.

गंधालीचा रिपोर्ट काल संध्याकाळी आला. रक्तातल्या अँटीबॉडीचा आकडा शेहेचाळीस. वीसच्या आत हवा, जूनमध्ये अकरा होता. डॉ. विद्याधर सबनीस यांनी कागद दोनदा वाचला आणि माझ्या कानांची कीव येऊन चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, की मुलीच्या पोटात कुठून तरी गहू जातो आहे. एखाद्या दिवशी चुकून नाही, रोज.

सिलिअॅकला औषध नाही हे तुला माहीत आहे. गहू, जव, रवा, मैदा, कणभर जरी पोटात गेला तरी तिच्या आतड्यांचं अस्तर झिजतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. चार वर्षं घरात गहू आणलेला नाही. हिंगात मैदा असतो असं कळल्यावर मी हिंगाची डबी शेजारच्यांना देऊन टाकली, आणि माझी आमटी कशी लागते ते विचारू नकोस. तरी शेहेचाळीस.

डॉक्टरांनी तिला उलटसुलट विचारलं, त्यात वेणीचा विषय निघाला. काम करताना वेणीचा शेंडा तोंडात धरायची सवय पाचवीत होती, ती एकोणतिसाव्या वर्षीही आहे. मालाडच्या ऑफिसात दहा माणसांसमोर चघळते. डॉक्टर म्हणाले, केसांना लावलेलं डोक्यातून पोटात जात नाही, पण तोंडात गेलं की पोटातच जाणार. पुष्कळ शाम्पू आणि क्रीममध्ये केसांना चमक यावी म्हणून गव्हाचं प्रोटीन घालतात. तिथे मात्र मी निर्धास्त होतो. तुला आठवत असेल, पोरीनं अकरा कंपन्यांना पत्रं लिहून दोन शाम्पू आणि एक कंडिशनर शोधले. अंधेरीच्या सलूनवाल्यानं हसून विचारलं होतं, की मॅडम केस खाणार आहात का. वांद्र्यात स्वतःची बाटली आणू देईनात. शेवटी तू म्हणालीस, की माझ्या पार्लरमध्ये ये, आणि रोज रात्री लावायला क्रीमची बरणीही दिलीस. झाकणावर तुझ्या अक्षरात लिहिलंय, गंधालीसाठी, गहू नाही. ते वाचलं की मला बरं वाटतं.

आता घोर असा, की लग्न २२ मेचं. केयूरचं स्थळ तूच आणलंस, तुझ्या खुर्चीत बसून रश्मीबाईंनी मुलाचं बोलणं काढलं. पण त्या हिशेबी बाई आहेत. एप्रिलचा रिपोर्ट चांगला दिसला की पत्रिका छापायला टाकू, असं त्यांनी गोड शब्दांत सांगितलं आहे. मागच्या वर्षी देवदत्तच्या घरच्यांनी आजाराचं नाव वाचून पाठ फिरवली, तेव्हा पोरगी पंधरा दिवस जेवली नव्हती. हेही मोडलं तर ती तिसऱ्यांदा कुणासमोर बसणार नाही. तसं तिनं मला पाटीवर लिहून दाखवलं.

तीस वर्षं तू बाटल्यांमध्ये काढलीस. गहू कुठे कुठे लपतो ते तुझ्या डोक्यात येईल. आठवून कळव.

माया आहेच, ती कागदावर मागायची नसते.
तुझा,
भाऊ

---

मुलुंड (पू.)
१५ जानेवारी २०२५

ती. भाऊ, शि. सा. न. वि. वि. (साष्टांग कागदावरच घालते, गुडघ्यांनी राजीनामा दिलाय.)

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा हसले. आपल्या आईनं आपल्याला गव्हाची खीर, गव्हाचा चीक, शिळ्या पोळीचा लाडू घालून वाढवलं. कुणाची आतडी झिजली रे? पण जाऊ दे, तू म्हणतोस तर आजार.

मी तुझी गोडी मोडायला लिहीत नाही, पण तुझी लेक दिवाळीत माझ्या पार्लरमध्ये आली तेव्हा काय झालं ते तिनं तुला सांगितलं नसणार. हातात तिच्या शाम्पूच्या बाटल्यांचा तो डोक्याचा डबा. लोक पोटाचा डबा नेतात, ही डोक्याचा नेते. चार बायका फेशियल लावून बसलेल्या. हिनं माझ्या हाताखालच्या नेत्राला बेसिन दोनदा धुवायला लावलं. मग माझ्या रॅकवरची एकेक बाटली उचलून मागची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचली आणि यात गहू, यात जव, यातही गहू, असं कोर्टात पुकारावं तसं पुकारलं. नेत्रा पोरगी तोंडावर हात ठेवून हसत होती. त्या चारांतल्या तिघी आता समोरच्या नव्या सलूनला जातात. नीलाताई बाटल्यांत काय भरते कोण जाणे, असं सोसायटीत बोलणं आहे. मी भाचीला एक शब्द बोलले नाही. वर बरणी दिली.

आता तुझ्या प्रश्नाकडे. बाटल्या सोड, तुझ्या स्वयंपाकघरात बघ. संक्रांतीचा हलवा द्यायला काल तुझ्याकडे आले होते, तू झोपला होतास. जिन्यावर तुमची सुंदराबाई बसली होती. हातात पोळीचा रोल, चांगली गव्हाची पोळी, आणि मला बघून तिनं तो पदराखाली घेतला. मग त्याच हातांनी उठून आत जाऊन भाकऱ्या थापल्या. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. अकरा वर्षं झाली म्हणून तू तिला घरचं माणूस समजतोस, पण चोर असलाच तर घरचाच असतो. माझं ऐकशील तर महिना संपायच्या आत तिला काढ. एप्रिलच्या रिपोर्टाआधी अडीच महिने मिळतील.

आणि गंधालीला सांग, वेणी जप. आपल्या घरात लग्नाच्या दिवशी नवरीची वेणी आत्याच घालते. माझी ताईआत्यानं घातली होती, तेव्हा माइकवर तिचं नाव पुकारून साडी दिली होती, अख्खा हॉल बघत होता. मी तेव्हाच ठरवलं होतं, आपल्याला भाची झाली तर आपणही असंच उभं राहायचं. तिच्या वेणीचा फोटो पंधरा वर्षं माझ्या बोर्डावर आहे. मुलुंडभर तिची वेणी म्हणजे माझा हात.

बाकी झकास. नव्या सलूनची वाट लागो.

राग असेल तर धर, पण बहिणीला विसरू नकोस.
तुझी,
नीला

---

॥ श्री ॥
बोरिवली
३ फेब्रुवारी २०२५

चि. नीला, आशीर्वाद.

तू लिहिलंस तसं केलं. सुंदराबाईंना २५ जानेवारीच्या शनिवारी कायमची रजा दिली.

कसं केलं ते तुलाच लिहितो, गंधालीला सांगायची छाती नाही. त्या आल्या, हात कोपरापर्यंत तीनदा धुतले, रोजच्यासारखे. मी त्यांना बसायला सांगितलं. बोलायला सुरुवात करण्याआधी मी कानाचं मशीन काढून टेबलावर ठेवलं. बाई अकरा वर्षांच्या, रडतील, आई-बापाची शपथ घेतील, आणि ते ऐकलं तर माझ्यानं होणार नाही हे मला माहीत होतं. मग मी माझं बोललो. जिन्यावरची पोळी बोललो. त्यांचं तोंड पुष्कळ वेळ हलत होतं. हातानं जिन्याकडे दाखवत होत्या, मग गंधालीच्या खोलीकडे, मग पुन्हा जिन्याकडे. मी खिडकीबाहेर बघत बसलो. शेवटी त्यांनी किल्ली मशीनच्या शेजारी ठेवली आणि गेल्या. जाताना पोळपाट पुसून उभा करून ठेवला होता, ते मला नंतर दिसलं.

गंधाली संध्याकाळी आली ती माझ्याशी चार दिवस बोलली नाही. मला बोललेलं ऐकू येत नाही, पण न बोललेलं बरोबर कळतं. पाचव्या दिवशी पाटीवर लिहिलं, की आकडा खाली आला तर मी तुमची माफी मागेन, नाही आला तर तुम्ही त्यांची मागा. मी मान डोलावली.

आता भाकऱ्या मी थापतो. पहिल्या आठवड्यात त्या भारताच्या नकाशासारख्या होत होत्या, आता श्रीलंकेवर आलो आहे. पोरगी निमूट खाते. तोंडात फोड आलेत, वजन एकोणपन्नासवरून सत्तेचाळीसवर. केयूर रविवारी आला होता. माणूस बरा वाटतो. आमच्याकडे येताना ऑफिसातली बिस्किटं पिशवीत होती, ती वॉचमनकडे ठेवून वर आला, हात धुतले. सुंदराबाईंनी त्याला पहिल्या भेटीत सांगून ठेवलं होतं म्हणे.

बरणी संपत आली आहे. जमलं तर दुसरी पाठव. तेवढी एकच वस्तू आहे जी ती न वाचता वापरते.

तुझ्यावर सोपवून निश्चिंत असलेला,
भाऊ

---

मुलुंड
११ फेब्रुवारी २०२५

ती. भाऊ, नमस्कार, आणि शाबास.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू बहिणीचं ऐकलंस. बायका रडतातच, त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. काम करणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी काम मिळतं.

वजन कमी झालं म्हणून काय घाबरतोस? लग्नाआधी दोन किलो उतरवायला माझ्याकडे मुली रडत येतात. हिचं आपोआप होतंय. गालाची हाडं दिसली की मेकअपही छान बसतो.

नेत्राबरोबर दोन बरण्या पाठवल्या आहेत. मोठ्या आहेत, चांगल्या काठोकाठ भरल्यात. म्हणावं, कंजूसपणा करू नकोस, रोज रात्री लाव, आणि सकाळी निघतानाही बोटभर लाव. मुळांना नको, शेंड्यांना जास्त. तिथेच कोरडे पडतात.

भाकरीचा नकाशा फोटो काढून ठेव, लग्नात दाखवू.

तुझी लाडकी, आणि तुझ्याकडे दुसरी नाहीच,
नीला

---

॥ श्री ॥
बोरिवली
११ एप्रिल २०२५

चि. नीला, आशीर्वाद.

आकडा अठ्ठ्याऐंशी. डॉ. सबनीसांनी काल सांगितला, आणि खात्रीसाठी दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं, तिथेही आज सकाळी तेवढाच निघाला. हिमोग्लोबिन आठ. वजन चव्वेचाळीस. सोमवारी ऑफिसच्या जिन्यात तिला चक्कर आली, केयूर अंधेरीहून रिक्षा करून घ्यायला गेला.

म्हणजे सुंदराबाई नव्हत्या. हे वाक्य मी लिहून पुन्हा वाचलं. दोन महिन्यांहून जास्त त्या घरात नाहीत आणि आकडा जवळजवळ दुप्पट झाला.

रश्मीबाईंना रिपोर्ट पाठवावा लागला. त्या आल्या, चहा घेतला नाही. म्हणाल्या, की मुलगी चांगलीच आहे, पण घरात गहू नसताना ही गत, तर आमच्या घरात काय होईल. पत्रिकांचं थांबवू या म्हणाल्या. तीस तारखेपर्यंत कारण कळलं तर बोलू, नाहीतर हॉल सोडू. केयूर आईशी भांडला असावा. दोघांची तोंडं लाल होती, मला शब्द कळले नाहीत. गंधाली आतल्या खोलीत बसून होती. त्या गेल्यावर तिनं लग्नाची यादी चार घड्या घालून माझ्या औषधांच्या डब्यात ठेवून दिली.

मग ती कामाला लागली. बहिणीची तक्रार म्हणून हे वाचू नकोस, जे झालं ते सांगतो. तिनं घरातली तोंडाला, हाताला, केसाला लागणारी प्रत्येक वस्तू जमिनीवर मांडली. टूथपेस्ट, ओठाला लावायचं, माझ्या गोळ्यासुद्धा. प्रत्येकीची बारीक अक्षरं भिंगातून वाचली. संध्याकाळी सगळं उचलून जागच्या जागी ठेवलं आणि एकच वस्तू खाली राहू दिली. तुझी बरणी. तिच्यावर छापील काहीच नाही, फक्त तुझं अक्षर आहे.

मी तिच्यावर रागावलो. आत्या तसं करणार नाही असं ओरडलो, शेजारच्यांनी ऐकलं असेल. ती शांतपणे म्हणाली, मी आत्याला दोष देत नाही, फक्त नाव हवंय. ते क्रीम कुठल्या कंपनीचं, मोठ्या डब्यावर काय लिहिलंय, तेवढं तू कळव. तुझ्याही नकळत त्यात काही असू शकतं. तुला न सांगता विक्रेत्यानं बदललं असेल. तुझं उत्तर येईपर्यंत तिनं बरणी बंद केली आहे, राग मानू नकोस.

तीस तारखेच्या आत उत्तर दे, नीला. एवढं एक नाव.

भाऊ

---

मुलुंड
१७ एप्रिल २०२५

ती. भाऊस नीलाचा नमस्कार.

नाव हवंय ना? नाव देते, आणि जे तू विचारलं नाहीस तेही देते.

तुझ्या लेकीच्या बरणीत माझ्या पार्लरचं हेअर स्पा क्रीम आहे. पाच किलोचा डबा येतो, त्यावर गव्हाच्या ओंबीचं चित्र आहे, हाताएवढं. विक्रेत्यानं काही बदललं नाही. नकळत काही झालं नाही. मी स्वतः चमच्यानं भरलं, स्वतः झाकण लावलं, स्वतः लिहिलं. दिवाळीपासून. तिच्या त्या पत्रं लिहून शोधलेल्या बाटल्या इथे आल्या की मी रॅकवर मागे ठेवते आणि माझ्या कॅनमधला शाम्पू लावते. तीनदा लावला. तिन्ही वेळा बाईसाहेब आरशात बघून खूश होऊन गेल्या. नेत्राला विचार.

का केलं? तुझ्यासाठी केलं. देवदत्तचं का मोडलं? आजाराच्या नावानं मोडलं. आणि ते नाव जगभर कोण सांगतं? तुझी लेकच सांगते, पार्लरमध्ये, केळवणात, कुणी लाडू पुढे केला तर त्याच्या तोंडावर. मी ठरवलं, लग्नाच्या आठ दिवस आधी रश्मीला खुर्चीत बसवून सांगायचं, की सहा महिने पोरीच्या डोक्याला रोज गहू चोळलाय, वेणीचा शेंडा रोज तिच्या तोंडात आहे, आणि बघ, मुलगी चालते-फिरते, ऑफिसला जाते. कसला आजार न कसलं काय. सगळी मनाची थेरं. रश्मीच्या डोक्यातला किडा कायमचा गेला असता. एकोणीस वर्षं ती माझी गिऱ्हाईक आहे, तिचं डोकं मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं.

आकड्यांचं मला सांगू नकोस. आकडा वाढल्याशिवाय लॅबवाले पुन्हा कसे बोलावतील? चक्कर म्हणशील तर भाकरीवर जगणाऱ्या माणसाला चक्कर येणारच. दोन घास पोळी पोटात गेली असती तर आली नसती.

आणि सुंदराबाईचं माझ्या अंगावर ढकलू नकोस. मी जे बघितलं ते लिहिलं. पोळी होती म्हणून पोळी लिहिली. काढलं तू.

तू घाबरट आहेस, लहानपणापासून. म्हणून एक सोपं काम सांगते. हे पत्र खुशाल रश्मीला दाखव. माझ्या सहीचं आहे. वाचलं की तिला कळेल मुलगी किती धडधाकट आहे ते, आणि दुसऱ्या दिवशी पत्रिका छापायला जातील. मग माझे आभार मान.

वेणी घालायला मी २२ मेला पहाटेच येईन. नेत्रालाही आणते.

उपकार विसरू नकोस, बाकी काही मागत नाही.
नीला

---

बोरिवली
९ मे २०२५

सौ. नीलाआत्या यांस,

हे पान भाऊंच्या लेटरपॅडमधलं आहे. पॅड त्यांनी मला देऊन टाकलं. मुलुंडला आता मला काही लिहायचं नाही, एवढंच म्हणाले. तुमची जुनी पत्रं एका पिशवीत भरून माळ्यावर टाकायला सांगितली आहेत.

तुम्ही लिहिलं होतंत त्याप्रमाणे तुमचं पत्र रश्मीबाईंना दाखवलं. मी दाखवलं, भाऊंची हिंमत होईना. त्यांनी चष्मा पुसून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, मग केयूरला मोठ्यानं वाचायला लावलं. झाल्यावर आधी स्वतःच्या केसांना हात लावला. म्हणाल्या, एकोणीस वर्षं मी डोळे मिटून हिच्यासमोर डोकं मागे टाकते. मग म्हणाल्या, आजार मुलीचा नाही, आत्याचा आहे. कारण कळलं, म्हणून पत्रिका दुसऱ्या दिवशी छापायला गेल्या. तेवढं तुमचं म्हणणं खरं ठरलं. मी त्यांच्या डोळ्यांत चांगली झाले असं नाही. दोष द्यायला माणूस मिळालं, म्हणून माझा आजार त्यांना परवडला. जुलैमध्ये पुन्हा रिपोर्ट काढणार आहेत. डॉ. सबनीस म्हणतात, आकडा उतरायला महिने जातील, आतडी भरून यायला त्याहून जास्त.

मी दहिसरला सुंदराबाईंकडे गेले. त्यांनी दार उघडलं, चहा दिला, बसायला दिलं. परत कामाला याल का, असं विचारलं तर नाही म्हणाल्या. जिन्यावरची पोळी त्यांनी मला सांगितली. पहाटे पाचला घरून निघताना त्या पोळी बांधून घ्यायच्या. आमच्या घरात तिचा कण पडू नये म्हणून अकरापैकी चार वर्षं त्या जिन्यावर बसून खात आल्या. खाऊन झाल्यावर नळावर हात धुवायचे, आत येऊन पुन्हा तीनदा धुवायचे. तुम्ही आलात तेव्हा रोल पदराखाली घेतला तो कुणी बघेल म्हणून नाही, संक्रांतीचा हलवा घेऊन पाहुण्या वर येत होत्या आणि आपण पायरीवर जेवतोय याची लाज वाटली म्हणून. हे सगळं त्यांनी भाऊंना त्या शनिवारी सांगितलं होतं. भाऊंचं मशीन टेबलावर होतं हे त्यांना जाताना किल्ली ठेवली तेव्हाच दिसलं.

घरी येऊन मी भाऊंना मशीन लावायला सांगितलं आणि हे त्यांना ऐकवलं. मग पुन्हा एकदा ऐकवलं. त्या दिवसापासून ते मशीन झोपतानाही काढत नाहीत. मीही साधी नाही, आत्या. तुमच्या पार्लरमध्ये मी बाटल्या मोठ्यानं वाचल्या तेव्हा तुमचा चेहरा मी बघितला होता आणि तरी शेवटच्या बाटलीपर्यंत वाचत राहिले. त्याची माफी मागायचं माझ्या मनात होतं. आता मागत नाही.

रविवारी मी मालाडच्या सलूनमध्ये गेले. तुमचं पत्र आल्यावर मी तिथे चौकशी केली होती, तेव्हा तिथली मुलगी पहिल्याच दिवशी म्हणाली होती, ताई, बाटली तुमची, हात माझा. या वेळी तिनं मला तीनदा विचारलं, नक्की ना. केयूर पिशवी धरून शेजारी उभा होता. दोन बोटं ठेवून बाकी सगळे केस कापले. मानेला वारा लागला तेव्हा सवयीनं शेंडा शोधायला हात गेला. आता चघळायला काही उरलं नाही, हा एक फायदा. सोबतच्या खोक्यात वेणी आहे. तुमच्या बोर्डावरच्या फोटोशी ताडून बघा, तीच आहे. शेंडे धुतलेले नाहीत.

आता २२ तारखेचं. हॉल मुलुंडचाच आहे. रश्मीबाईंनी बोलावलेल्या बायकांत निम्म्याहून अधिक तुमची गिऱ्हाइकं आहेत, समोरच्या सलूनला गेलेल्या तिघीही आहेत. मुहूर्त अकरा बेचाळीसचा, वेणीचा मान दहाला. घरातली रीत मोडायची नाही असं मी ठरवलं आहे. तुम्हाला हवं होतं तसं माइकवर तुमचं पूर्ण नाव पुकारलं जाईल. स्टेजवर खुर्ची असेल, मी तिच्यावर प्रेक्षकांकडे पाठ करून बसेन, आणि तुम्ही माझ्यामागे उभ्या राहाल. कुणी विचारलंच, नवरीचे केस काय झाले, तर मी सांगणार नाही. तुमच्या पत्राच्या झेरॉक्स रश्मीबाईंकडे आहेत, त्या कुणाकुणाला वाचून दाखवतील ते त्यांनाच माहीत.

मानाची साडी मोरपंखी आहे. भाऊंनी जानेवारीतच घेऊन ठेवली होती, तुम्हाला हा रंग आवडतो म्हणून. ती तुमच्या हातात द्यायला सुंदराबाई उभ्या राहतील. कामाला येणार नाही, पण एवढ्यासाठी येईन, असं त्या म्हणाल्या.

दहाला या. कंगवा तुमचाच आणा.

लोभ संपला, मानात कमी पडणार नाही.
गंधाली